सर्व्हरवरील मेमरीचा अतिवापर आणि त्याचे निवारण

सर्व्हरवरील मेमरीचा अतिवापर म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या आज्ञावलींची मेमरीची गरज ही त्या सर्व्हरमध्ये बसवलेल्या, किंवा त्या आज्ञावलीला नेमून दिलेल्या, मेमरीच्या मर्यादेला जाऊन भिडण्याची अथवा ती ओलांडण्याची स्थिती होय. या स्थितीत सर्व्हर मंदावतो, विनंत्यांना उत्तरे देईनासा होतो किंवा त्यावरील एखादी सेवा अचानक बंद पडते. मेमरी भरलेली दिसणे आणि मेमरी अपुरी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांतील फरक ओळखणे हा या दोषाच्या निदानाचा पाया मानला जातो.

महाराष्ट्रात मुंबई, नवी मुंबई आणि पनवेल या पट्ट्यात मोठी डेटा सेंटर आहेत. तेथे ठेवलेल्या सर्व्हरांची देखभाल करणारी माणसे बहुधा दुसऱ्या गावी असतात. त्यामुळे मेमरी संपत आल्याचे वेळीच ओळखणे आणि दुरून सर्व्हर ताब्यात ठेवणे याला या कामात विशेष महत्त्व आहे. या लेखात मुख्यतः लिनक्स प्रणालीचा विचार केला आहे.

## मेमरीचे व्यवस्थापन

आधुनिक प्रचालन प्रणाली मुख्य मेमरीचे लहान, समान आकाराचे भाग पाडते. या भागांना ‘पान’ म्हणतात. एक्स८६ प्रकारच्या प्रक्रियकांवर पानाचा नेहमीचा आकार ४ किलोबाइट असतो. प्रत्येक प्रक्रियेला स्वतःचा स्वतंत्र आभासी पत्ता-अवकाश मिळतो आणि त्यातील एखाद्या पानाला प्रत्यक्ष हात लागेपर्यंत त्याच्यासाठी खरी मेमरी खर्ची पडत नाही. म्हणून प्रक्रियेने मागितलेली मेमरी आणि तिने प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी यांत मोठे अंतर असू शकते. बहुतेक आज्ञावली मागितलेली सर्व मेमरी वापरत नाहीत, या अनुभवावर विसंबून लिनक्सचे कर्नल उपलब्ध मेमरीपेक्षा अधिक मेमरीची वचने देते. यास अतिवाटप म्हणतात.

प्रक्रियांना न लागणारी मेमरी कर्नल रिकामी ठेवत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फाइलींच्या प्रती त्या जागेत साठवल्या जातात. या साठ्याला पान-कॅशे म्हणतात. तीच फाइल पुन्हा लागली, तर ती डिस्कऐवजी मेमरीतून कितीतरी पटींनी लवकर मिळते. एखाद्या प्रक्रियेला मेमरी हवी झाली, की कर्नल कॅशेतील जुनी पाने टाकून देऊन ती जागा तिला देते.

मेमरीची चणचण वाढल्यास बराच काळ न वापरलेली पाने डिस्कवरील राखीव जागेत हलवली जातात. या जागेस स्वॅप म्हणतात. स्वॅपमधून पान परत आणणे हे मेमरीतून वाचण्याच्या तुलनेत फारच मंद काम आहे. ही ने-आण अखंड सुरू झाली, की प्रक्रियकाचा वेळ प्रत्यक्ष कामाऐवजी पानांची वाट पाहण्यात जातो आणि सर्व्हर चालू असूनही निरुपयोगी होतो.

## आकड्यांचा अर्थ

लिनक्सवर मेमरीचा गोषवारा ‘फ्री’ या आज्ञेने मिळतो. तिच्या उत्तरातील ‘मोकळी’ आणि ‘उपलब्ध’ या दोन रकान्यांची गल्लत अनेकदा होते. मोकळी मेमरी म्हणजे कोणत्याही कामात नसलेली मेमरी. उपलब्ध मेमरी म्हणजे स्वॅपचा आधार न घेता नव्या प्रक्रियांना देता येईल अशी मेमरी; तिच्यात पान-कॅशेतील सोडता येण्याजोग्या जागेचा अंदाज धरलेला असतो. हा अंदाज कर्नल स्वतः देऊ लागले ते ३.१४ या आवृत्तीपासून. ती आवृत्ती २०१४ साली प्रसिद्ध झाली.

पुढील तक्त्यात १६ गिगाबाइट मेमरीच्या दोन सर्व्हरांची नमुन्यादाखल स्थिती दिली आहे. आकडे गिगाबाइटमध्ये आहेत.

| रकाना | पहिला सर्व्हर | दुसरा सर्व्हर |
|---|---|---|
| एकूण | १५.५ | १५.५ |
| वापरलेली | ४.८ | १३.९ |
| मोकळी | ०.४ | ०.३ |
| बफर व कॅशे | १०.३ | १.३ |
| उपलब्ध | १०.१ | ०.९ |

दोन्ही सर्व्हरांवर मोकळी मेमरी जवळजवळ सारखीच, अर्ध्या गिगाबाइटहून कमी आहे. पहिला सर्व्हर मात्र निरोगी आहे, कारण त्याची दहा गिगाबाइट मेमरी गरज पडताच मिळू शकते. दुसऱ्या सर्व्हरला थोडा अधिक भार आला तरी तो कोलमडेल. केवळ मोकळ्या मेमरीवर इशारा लावलेला असेल, तर पहिल्या सर्व्हरबद्दल रोज खोटा गजर होतो. अशा गजरांची सवय झाली, की दुसऱ्या सर्व्हरचा खरा इशाराही दुर्लक्षित राहतो.

प्रक्रियानिहाय आकड्यांतही अशीच सावधगिरी लागते. ‘टॉप’ या आज्ञेतील आभासी आकार हा मागितलेल्या पत्ता-अवकाशाचा असतो, तर निवासी आकार हा प्रत्यक्ष व्यापलेल्या मेमरीचा. अनेक प्रक्रिया एकच पान सामायिकपणे वापरत असल्यास ते पान प्रत्येकीच्या निवासी आकारात मोजले जाते. त्यामुळे निवासी आकारांची बेरीज प्रत्यक्ष मेमरीहून अधिक भरू शकते. सामायिक पाने वाटून मोजणारा ‘प्रमाणशीर आकार’ या बेरजेसाठी अधिक विश्वसनीय असतो.

## कारणे

### मेमरीची गळती

घेतलेली मेमरी काम संपल्यावर परत न करण्याच्या दोषास मेमरीची गळती म्हणतात. सी आणि सी++ या भाषांत परत करण्याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्याची असते. जावा, पायथॉन यांसारख्या भाषांत निरुपयोगी वस्तू आपोआप गोळा होतात, तरीही एखाद्या यादीत किंवा कॅशेत वस्तूंचे संदर्भ साचत राहिल्यास गळतीसारखाच परिणाम होतो.

गळतीचे वैशिष्ट्य म्हणजे तिचा भार वाहतुकीवर न ठरता काळावर ठरतो, असे वरवर पाहता वाटते. उपलब्ध मेमरी ६ गिगाबाइट असून ती ताशी ४० मेगाबाइटने घटत असेल, तर सर्व्हर सुमारे साडेसहा दिवसांत अडचणीत येतो. त्याहून कमी अंतराने सेवा नियमितपणे नव्याने सुरू करण्याची प्रथा असल्यास ही गळती जवळजवळ कधीच उघड होत नाही. एखाद्या जोडून आलेल्या सुट्टीत ती प्रथा चुकली, की बिघाड मात्र ‘अचानक’ झाल्यासारखा दिसतो.

### प्रक्रियांची संख्या

प्रत्येक प्रक्रिया मर्यादेत वागत असूनही त्यांची संख्या वाढल्याने मेमरी संपू शकते. उदाहरणार्थ, ८ गिगाबाइटच्या सर्व्हरवर डेटाबेसला ३ आणि प्रणालीला १ गिगाबाइट लागत असेल, तर संकेतस्थळाच्या पीएचपी प्रक्रियांसाठी ४ गिगाबाइट उरतात. प्रत्येक प्रक्रिया ६० मेगाबाइट घेत असल्यास सुमारे ६८ प्रक्रिया मावतात. रचनेत कमाल संख्या १५० ठेवली असेल, तर सर्व प्रक्रिया कामाला लागताच जवळपास ९ गिगाबाइटची गरज निर्माण होते. एरवी २०–३० प्रक्रियांवर चालणाऱ्या संकेतस्थळाला ही चूक वर्षभर जाणवत नाही.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस हे अशा भाराचे परिचित उदाहरण आहे. लाखो विद्यार्थी आणि पालक एका ठरावीक क्षणी एकाच प्रकारची विनंती पाठवतात. अशा प्रसंगी सरासरी भारावरून केलेला मेमरीचा हिशेब उपयोगी पडत नाही. तो एकाच वेळी जिवंत असणाऱ्या विनंत्यांच्या कमाल संख्येवरून करावा लागतो.

### डेटाबेस आणि जावा यांची रचना

डेटाबेस प्रणाली स्वतःची कॅशे राखते आणि तिचा आकार व्यवस्थापकाने ठरवावा अशी अपेक्षा असते. मायएसक्यूएलमधील इनोडीबीच्या बफर पूलचा मूळ आकार १२८ मेगाबाइट असतो. केवळ डेटाबेससाठी राखलेल्या सर्व्हरवर तो बराच वाढवतात. बफर पूलखेरीज प्रत्येक जोडणीला वर्गवारी व तात्पुरत्या तक्त्यांसाठी वेगळी मेमरी लागते, हे हिशेबातून निसटते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरला कमाल मर्यादा घालून दिली नाही, तर तो उपलब्ध मेमरी हळूहळू आपल्याकडे घेतो. ही गळती नसून त्याची नियोजित वागणूक आहे.

जावामध्ये कमाल हीपचा आकार ठरवता येतो, परंतु जावा प्रक्रियेची एकूण मेमरी हीपहून अधिक असते. वर्गांची माहिती, धाग्यांचे स्टॅक आणि संकलित संकेत यांना हीपबाहेर जागा लागते. म्हणून ४ गिगाबाइटच्या कंटेनरमध्ये ४ गिगाबाइटचे हीप ठरवणे म्हणजे बिघाडाला आमंत्रण देणे होय.

### इतर कारणे

* कर्नलची स्वतःची मेमरी: लक्षावधी लहान फाइलींची सर्व्हरवरून ये-जा झाली, की त्यांच्या नोंदी कर्नलच्या स्लॅब कॅशेत साठतात. प्रक्रियांची बेरीज कमी आणि वापर जास्त दिसल्यास ‘स्लॅबटॉप’ या आज्ञेने तपासणी करतात. यातील बराच भाग परत मिळण्याजोगा असतो.
* मेमरीतील फाइल प्रणाली: टीएमपीएफएस प्रकारच्या निर्देशिकेत ठेवलेल्या फाइली मेमरीच व्यापतात. त्या कोणत्याही प्रक्रियेच्या नावावर दिसत नाहीत आणि कॅशेच्या रकान्यात मोजल्या जात असूनही टाकून देता येत नाहीत.
* कंटेनरची मर्यादा: सर्व्हरवर भरपूर मेमरी असतानाही एखाद्या कंटेनरला घातलेली मर्यादा संपू शकते.
* यंत्रसामग्रीचा दोष: एखादी मेमरी पट्टी निकामी झाल्यास एकूण मेमरीच कमी दिसू लागते. म्हणून ‘एकूण’ हा रकानाही बसवलेल्या मेमरीशी ताडून पाहतात.

## आज्ञावली अचानक बंद पडणे

मेमरी आणि स्वॅप दोन्ही संपल्यावर, म्हणजे दिलेली वचने पाळणे अशक्य झाल्यावर, लिनक्स कर्नल एखादी प्रक्रिया सक्तीने बंद करते. या यंत्रणेस ओओएम किलर म्हणतात. कोणती प्रक्रिया बंद करायची हे ठरवताना मुख्यतः तिने किती मेमरी व स्वॅप व्यापला आहे, हे पाहिले जाते. व्यवस्थापकाला प्रत्येक प्रक्रियेसाठी −१००० ते १००० यांदरम्यान एक अंक देऊन या निवडीत फेरफार करता येतो. −१००० दिल्यास ती प्रक्रिया वगळली जाते.

या पद्धतीमुळे बळी ठरलेली प्रक्रिया आणि दोषी प्रक्रिया एकच असतील असे नाही. पीएचपीच्या शेकडो लहान प्रक्रियांनी मेमरी संपवली, तरी बंद पडतो तो डेटाबेस, कारण एकटी प्रक्रिया म्हणून तोच सर्वांत मोठा असतो. ‘डेटाबेस बिघडला’ या समजुतीने मग चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती सुरू होते. कर्नलच्या नोंदवहीत अशा प्रसंगी त्या क्षणी चालू असलेल्या सर्व प्रक्रियांची यादी लिहिली जाते. तीतील निवासी आकार पानांमध्ये असतो. नेहमीच्या पानांच्या बाबतीत त्याला ४ ने गुणल्यास किलोबाइट मिळतात. एकाच नावाच्या प्रक्रियांची बेरीज केल्यावर खरे कारण बहुधा स्पष्ट होते.

कंटेनरमधील प्रक्रिया याच कारणाने बंद पडल्यास तिचा निर्गम संकेतांक सामान्यतः १३७ असतो. १२८ मध्ये सक्तीने बंद करणाऱ्या ९ क्रमांकाच्या संकेताची भर पडून तो तयार होतो.

## निदानाची पद्धत

निदानाचा क्रम सामान्यतः पुढीलप्रमाणे असतो.

1. दोष आहे का, हे ठरवणे. उपलब्ध मेमरी पाहतात. त्यानंतर ‘व्हीएमस्टॅट’ या आज्ञेने स्वॅपमधील ये-जा तपासतात. स्वॅप काही प्रमाणात भरलेला असणे हा दोष नव्हे. पाने सतत आत-बाहेर होत राहणे हा दोष होय. कर्नलच्या ४.२० आवृत्तीपासून मिळणारी दाबमापनाची नोंद, मेमरीअभावी प्रक्रिया किती टक्के वेळ खोळंबल्या, हे थेट सांगते.
2. पुरावा जपणे. सेवा किंवा सर्व्हर नव्याने सुरू केल्यास मेमरीतील सर्व खुणा पुसल्या जातात. म्हणून त्याआधी प्रक्रियांची यादी, मेमरीचा तपशील, स्लॅबची स्थिती आणि कर्नलची नोंदवही डिस्कवर उतरवून ठेवतात. काही प्रणालींत नोंदवही मेमरीतच असते आणि पुनरारंभानंतर नाहीशी होते. ती कायमस्वरूपी साठवण्याची सोय आधीच करावी लागते.
3. मेमरी कोणाकडे आहे, हे शोधणे. प्रक्रिया, कॅशे, स्लॅब आणि मेमरीतील फाइली यांचा हिशेब एकूण वापराशी जुळवतात.
4. काळानुसार आलेख पाहणे. वापर भाराबरोबर चढून पुन्हा उतरत असेल, तर कारण क्षमतेत असते. चढलेला वापर उतरतच नसेल, तर गळतीचा संशय येतो. आपोआप मेमरी गोळा करणाऱ्या भाषांत आलेख करवतीच्या दात्यांसारखा असतो. तेथे शिखरे न पाहता प्रत्येक सफाईनंतरची खालची पातळी पाहतात. ती पातळी वर सरकत असणे ही गळतीची खूण आहे. ‘सार’ या साधनाने मागील दिवसांच्या नोंदी मिळतात.
5. बदलाशी सांगड घालणे. वाढ जेथे सुरू झाली त्या वेळेच्या आसपास नवी आवृत्ती, नवे वेळापत्रकबद्ध काम किंवा विदेची मोठी भर पडली होती का, हे तपासतात.
6. आज्ञावलीच्या आत शोध घेणे. जावामध्ये हीपची प्रत काढून कोणत्या वस्तू साचल्या आहेत ते पाहतात. सी आणि सी++ आज्ञावलींसाठी व्हॅलग्राइंडसारखी साधने वापरतात.

## देवनागरी मजकूर आणि मेमरी

मराठी मजकूर हाताळणाऱ्या सर्व्हरांच्या बाबतीत लिपीचाही हिशेब करावा लागतो. यूटीएफ-८ संकेतनात रोमन लिपीतील मूळ अक्षर १ बाइट घेते, तर देवनागरीतील प्रत्येक संकेतबिंदू ३ बाइट घेतो. काना, मात्रा, वेलांटी आणि हलंत ही चिन्हेही स्वतंत्र संकेतबिंदू असतात. ‘पनवेल’ या शब्दात पाच संकेतबिंदू असल्याने तो १५ बाइट व्यापतो. हेच नाव रोमन लिपीत ६ बाइटमध्ये मावते.

आज्ञावलीच्या आतील साठवणीतही फरक पडतो. जावाच्या ९ व्या आवृत्तीपासून निव्वळ लॅटिन अक्षरांचा मजकूर प्रत्येकी १ बाइटमध्ये ठेवला जातो, मात्र देवनागरी मजकुराला प्रत्येकी २ बाइट लागतात. पायथॉनच्या ३.३ आवृत्तीपासूनही अशीच विभागणी आहे. मायएसक्यूएलच्या मेमरी प्रकारच्या तक्त्यांत यूटीएफ८एमबी४ संकेतनाचा २५५ अक्षरांचा रकाना प्रत्येक ओळीमागे कमाल लांबीची, म्हणजे १,०२० बाइटची जागा राखतो, मग त्यात एकच शब्द असला तरी. परिणामी इंग्रजी नमुना विदेवर चाचणी करून ठरवलेली मेमरी प्रत्यक्ष मराठी विदेला अपुरी पडू शकते. चाचणी त्याच लिपीतील आणि तेवढ्याच लांबीच्या मजकुरावर घेणे हा यावरील सोपा उपाय आहे.

## उपाय

तातडीचा उपाय म्हणून दोषी सेवा नव्याने सुरू करतात किंवा तिची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरकडे वळवतात. यामुळे वेळ मिळतो, कारण मात्र तसेच राहते. पान-कॅशे हाताने रिकामी करण्याची आज्ञा काही ठिकाणी नियमित चालवली जाते. तिने मोकळी मेमरी वाढलेली दिसते, पण उपयोगी साठा गेल्याने डिस्कवरील भार वाढतो. मेमरीच्या तुटवड्यावर हा उपाय नव्हे.

दीर्घकालीन उपायांत प्रक्रियांची कमाल संख्या उपलब्ध मेमरीवरून ठरवणे, डेटाबेसच्या कॅशेला मर्यादा घालणे, प्रत्येक सेवेला नियंत्रण-गटाद्वारे मेमरीची वेगळी सीमा देणे आणि गळती मुळात दुरुस्त करणे यांचा समावेश होतो. सेवांना सीमा आखून दिल्यास एका सेवेची गळती दुसऱ्या सेवेला बुडवत नाही. स्वॅप पूर्णपणे काढून टाकल्यास मंदावण्याचा टप्पा टळतो, परंतु सूचना मिळण्याआधीच प्रक्रिया बंद पडण्याची शक्यता वाढते. म्हणून बहुधा मर्यादित स्वॅप ठेवतात. मेमरी वाढवणे हा क्षमता खरोखर अपुरी असल्यास योग्य उपाय आहे. गळती असल्यास मात्र अधिक मेमरीने बिघाड केवळ काही दिवस पुढे ढकलला जातो.

## पनवेल येथील डेटा सेंटर आणि दूरस्थ निवारण

समुद्राखालील आंतरराष्ट्रीय केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरत असल्याने मुंबई महानगर प्रदेशात डेटा सेंटरांची दाटी झाली. ऐरोली, रबाळे, महापे या नवी मुंबईतील औद्योगिक पट्ट्यानंतर रायगड जिल्ह्यातील पनवेल येथेही हा उद्योग पोहोचला. हिरानंदानी समूहातील योट्टा कंपनीचे ‘एनएम१’ हे डेटा सेंटर पनवेलच्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीमध्ये असून त्याचे उद्घाटन जुलै २०२० मध्ये झाले. ७,२०० रॅक आणि ५० मेगावॉट वीज अशी क्षमता जाहीर केलेल्या या इमारतीला अपटाइम इन्स्टिट्यूटचे टियर-४ प्रमाणपत्र आहे. टियर-४ म्हणजे वीज किंवा शीतकरण यंत्रणेतील एखादा घटक बंद पडला, तरी आतील सर्व्हर चालू राहतील अशी दोषसहिष्णू रचना.

या हमीची व्याप्ती इमारतीच्या यंत्रणेपुरती असते. ग्राहकाने केवळ जागा भाड्याने घेऊन स्वतःचा सर्व्हर ठेवला असेल, तर त्यातील प्रचालन प्रणाली आणि आज्ञावली यांची जबाबदारी ग्राहकाकडेच राहते. वीज, थंडावा आणि जाळे अखंड असतानाही मेमरीच्या गळतीने सेवा बंद पडू शकते आणि इमारतीतील कोणत्याही फलकावर तिची खूण उमटत नाही.

दुरून काम करताना आणखी एक अडचण येते. व्यवस्थापक एसएसएचद्वारे सर्व्हरवर प्रवेश करतो, पण त्या प्रवेशासाठीही नवी प्रक्रिया आणि मेमरी लागते. मेमरी संपलेल्या सर्व्हरवर प्रवेशाची विनंती मिनिटेच्या मिनिटे अडकून राहते. यासाठी सर्व्हरमध्ये बीएमसी नावाचा स्वतंत्र नियंत्रक असतो. त्याचा प्रक्रियक, मेमरी आणि जाळ्याची जोडणी मुख्य सर्व्हरहून वेगळी असल्याने पडद्यावरील शेवटचे संदेश पाहणे, मेमरी पट्ट्यांच्या दोषांची नोंद वाचणे आणि अखेरचा उपाय म्हणून सर्व्हर नव्याने सुरू करणे त्याच्यामार्फत शक्य होते. लिनक्समध्ये ‘मॅजिक सिसआरक्यू’ची सोय सुरू ठेवलेली असल्यास तिच्या एफ या कळीने ओओएम किलर हाताने चालवता येतो, म्हणजे पूर्ण सर्व्हर बंद न करता एका प्रक्रियेचा बळी देऊन प्रवेश मिळवता येतो. बीएमसीची जोडणी आणि तिचा संकेतशब्द बिघाडापूर्वीच तपासलेला नसेल, तर डेटा सेंटरमधील कर्मचाऱ्यांकरवी प्रत्यक्ष रॅकजवळ काम करून घ्यावे लागते आणि सेवा बंद राहण्याचा काळ वाढतो.

## विंडोज सर्व्हर

विंडोज सर्व्हरमध्येही हीच तत्त्वे लागू होतात. तेथे टास्क मॅनेजरमधील ‘स्टँडबाय’ मेमरी ही पान-कॅशेप्रमाणे गरजेला सोडता येणारी असते. मागितलेल्या मेमरीचा एकूण आकडा ‘कमिट’ या नावाने दिसतो आणि तो मुख्य मेमरी व पेज फाइल यांच्या बेरजेच्या मर्यादेला पोहोचल्यास नव्या मागण्या नाकारल्या जातात. चालकांमधील गळती नॉन-पेज्ड पूलमध्ये दिसते. तिच्यासाठी पूलमॉन, तर एकूण विभागणीसाठी रॅममॅप हे साधन वापरतात.

## हे सुद्धा पहा

* आभासी मेमरी
* लिनक्स
* डेटा सेंटर
* यूनिकोड
* पनवेल